गळाच्या काठीला मूठ असते की दांडा?

विचारणा, पैठण

नमस्कार. नाथसागराच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींना मी गेली काही वर्षे ज्याच्या त्याच्या मापाच्या काठ्या करून देतो. कार्बनची किंवा काचतंतूची कोरी काठी आणायची, तिच्यावर दोरा जाण्यासाठी कड्या बांधायच्या, रिळासाठी बैठक बसवायची आणि हातात धरायचा भाग बुचाचा घडवायचा, असे हे काम आहे. यांतला शेवटचा भाग मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण माशाने आमिषाला नुसते तोंड लावले तरी ती हालचाल माणसाला कळते ती याच भागातून.

यंदा माझ्याकडे दोन मुले शिकायला येतात. त्यांच्यासाठी कामाची टिपणे मराठीत लिहिली, तेव्हा हातात धरायच्या भागाला मी एका पानावर दांडा, दुसऱ्यावर मूठ आणि तिसऱ्यावर पकड असे लिहून गेलो होतो आणि ते माझ्या लक्षातही आले नाही. 'दांडा ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्यावा' हे वाक्य वाचून त्यांतल्या एकाने बुचाला हात लावला नाही आणि कार्बनची कोरी काठी हातभर खरवडून काढली. कार्बनचे तंतू असे कापले गेले की काठी तिथे दुबळी होते आणि जड मासा ओढताना तिथेच मोडण्याची भीती राहते, म्हणून ती काठी बाजूला ठेवावी लागली. मुलाने काही चुकीचे केले असे मला म्हणवत नाही. लांब, सरळ आणि गोल वस्तूला आपल्याकडे दांडाच म्हणतात आणि त्याने शब्द जसा ऐकला होता तसाच घेतला.

बोलताना आम्ही सगळे 'हँडल' म्हणतो. पण दाराचेही हँडल, सायकलचेही हँडल आणि काठीचेही हँडल, असे लिहून शिकणाऱ्याला काहीच दिसत नाही. मूठ, दांडा, पकड, दस्ता यांपैकी नेमका शब्द कोणता, आणि तो का, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

उत्तर, उदगीर

दादा, मी शाळेत मराठी शिकवते आणि माहेर-सासर दोन्ही शेतकऱ्यांची आहेत, म्हणून शब्दकोशाआधी मी अवजारांच्या कोपऱ्यात जाऊन पाहिले. कुऱ्हाडीचा, कुदळीचा, फावड्याचा आणि हातोडीचा दांडा असतो. खुरप्याची, विळ्याची, करवतीची, सुरीची, तलवारीची आणि छत्रीची मूठ असते. लांब असेल तो दांडा आणि आखूड असेल ती मूठ, असे प्रथमदर्शनी वाटते खरे. पण हातोडीचा दांडा वीतभरच असतो आणि तरी त्याला कोणी मूठ म्हणत नाही.

मला दिसलेला फरक असा, की कोण कोणाच्या आत जाते ते पाहावे. कुऱ्हाडीच्या लोखंडाला भोक असते आणि लाकूड त्या भोकात शिरते, वरून पाचर मारून ते घट्ट होते. असे दुसऱ्यात शिरणारे लाकूड म्हणजे दांडा. खुरप्याच्या पात्याचे मागचे निमुळते टोक तापवून लाकडात ठोकतात, म्हणजे तिथे लाकूड हे लोखंडाला पोटात घेते. असे पोटात घेणारे ती मूठ. आपण बोटे मिटून धान्य धरतो तेव्हाही त्या मिटलेल्या हाताला मूठच म्हणतो आणि पेरणी करणारा 'चाड्यावर मूठ धरतो' तेव्हा बी त्याच्या हाताच्या आत असते. संस्कृत 'मुष्टि'पासून आलेल्या या शब्दात वेढून धरणे हा भाव मुळापासून आहे. 'दंड'पासून आलेल्या दांड्यात तो नाही. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' या म्हणीतही दांडा लोखंडात शिरतो म्हणूनच तो आपल्या गोतावर उलटू शकतो.

क्रिकेटच्या बॅटवर हा नियम ताडून पाहावा. वेताचा भाग फळीत खाचेने बसवलेला असतो आणि आपण त्याला बॅटचा दांडाच म्हणतो. जात्याचा खुंटा दगडात शिरतो, त्यालाही मूठ म्हणत नाहीत. तुमच्या काठीत कार्बनची काठी बुचाच्या आतून जाते, म्हणून ती मूठच आहे आणि त्या मुलाने ज्याला दांडा मानले तो खरोखरच दांडा होता.

उत्तर, बीड

ताईंचा नियम मला पटला, तरी एक शंका मांडतो. पळीला आणि झाऱ्याला दांडा असतो आणि तो कशातच शिरत नाही, कारण सगळे एकाच धातूचे असते. शिवाय हल्ली हातोडीच्या दांड्यावर रबराचे वेष्टन चढवतात. मग ती हातोडी मुठीची की दांड्याची?

उत्तर, उदगीर

पळीत आत-बाहेर हा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून तिथे नुसत्या लांबट आकारावरून नाव पडले असावे असे मला वाटते. हातोडीचे उदाहरण मात्र नियमाच्या बाजूचेच आहे. लाकडाचा दांडा लोखंडात शिरतो आणि रबराची मूठ त्या दांड्यावर चढते. एकाच हातोडीत दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात. गळाच्या काठीचेही तसेच समजावे. पकड हा शब्द वस्तूसाठी ठेवू नये, गुणासाठी ठेवावा. 'या मुठीची पकड ओल्या हातालाही चांगली आहे' असे म्हणता येते, पण 'या पकडीची पकड' असे म्हणण्याची वेळ आणू नये.

उत्तर, नांदेड

आमच्या घरी तीन पिढ्या खरादीचे काम होते आणि वडिलांच्या तोंडी मूठ हा शब्द फारसा नसे. ते दस्ता म्हणत. चाकूचा दस्ता, कानशीचा दस्ता, पटाशीचा दस्ता. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती, त्यामुळे कारागिरांच्या बोलण्यात असे शब्द मुरले. फारसीत 'दस्त' म्हणजे हात. दस्तऐवज, दस्तक आणि हातमोज्यांसाठीचा दस्ताना हे सगळे त्याच घरातले. कागदाच्या चोवीस तावांच्या गठ्ठ्यालाही दस्ताच म्हणतात. मूठ हे जसे अवजाराचे अंग आहे आणि धान्याचे मापही आहे, तसेच दस्त्याचेही झालेले दिसते. हाताचा शब्द एकदा भाषेत आला की तो धरण्याच्या वस्तूलाही लागतो आणि मावेल तेवढ्या मापालाही लागतो.

एवढे सांगूनही टिपणांत मूठच लिहावे, असे माझे मत आहे. आजची मुले दस्ता हा शब्द कागदापुरताच ओळखतात. पण मराठवाड्यातले कारागीर असे म्हणत, ही नोंद कुठेतरी राहावी म्हणून हे लिहिले.

उत्तर, परभणी

मूळ प्रश्नाला धरूनच एक सावधगिरी सुचवतो. टिपणांत 'बुचाच्या झाडाची साल' असे लिहू नये. आपल्याकडे बुचाचे झाड म्हणतात ते गगनजाईचे, ज्याची लांब देठाची पांढरी सुगंधी फुले पहाटे रस्त्यावर पडलेली असतात. त्याची सालही बुचासारखी मऊ असते आणि पूर्वी हलक्या कामाला तिचा उपयोग करत, म्हणून त्याला ते नाव मिळाले. काठीच्या मुठीचे बूच मात्र भूमध्य सागराच्या परिसरातल्या एका ओक वृक्षाचे असते. त्याचे सर्वाधिक उत्पादन पोर्तुगालमध्ये होते. झाड साधारण पंचवीस वर्षांचे झाल्यावर पहिली साल काढतात आणि नंतर सुमारे नऊ नऊ वर्षांनी, झाड न तोडता, ती पुन्हा काढता येते. 1665 मध्ये रॉबर्ट हूक यांनी याच बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात दिसलेल्या रिकाम्या खोल्यांना जे नाव दिले, त्यालाच आपण मराठीत पेशी म्हणतो. त्या खोल्यांत हवा कोंडलेली असते, म्हणून बूच हलके असते, थंडीत हाताला गार लागत नाही आणि पाणी पीत नाही.

विचारणाऱ्याचे उत्तर, पैठण

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस एक मूठ करता करता प्रत्येक पायरीला कोणता शब्द तोंडात येतो ते लिहून ठेवले. ते इथे मांडतो आणि जिथे चूक वाटेल तिथे आपण सांगावे.

बूच गोल चकत्यांच्या रूपात येते. आमच्या सुतारकामात एक इंचाचे आठ सूत धरतात. त्या हिशेबाने चकती चार सूत जाड आणि दहा सूत व्यासाची असते आणि तिच्या मधोमध दोन सुतांचे भोक असते. सात इंचांच्या मुठीला अशा चौदा चकत्या लागतात. या भोकाला मी 'वेज' म्हणायला लागलो आहे. मण्याला आणि कानाला वेज असते, आणि चकत्या सळईवर घालताना मणी ओवल्यासारखेच वाटते, म्हणून 'चकत्या ओवाव्यात' हे वाक्य मला सरळ सुचले. चकत्यांच्या मध्ये इपॉक्सी, म्हणजे पाण्याने न सुटणारा गोंद, लावून, आट्यांच्या सळईवर दोन्ही बाजूंनी नट आवळून रात्रभर ठेवतात. जुन्या सरसाने हे काम होत नाही, कारण सरस पाण्याने सुटतो आणि ही वस्तू तर पाण्याकाठीच वापरायची असते.

इथे एक गोष्ट मुलांना दाखवून द्यावी लागते. इपॉक्सी जाड लागले, तर घासताना बूच भराभर झिजते आणि वाळलेले इपॉक्सी झिजत नाही. मग प्रत्येक सांध्यावर केसाएवढी कड वर उभी राहते. डोळ्याला ती दिसत नाही, पण अंगठा फिरवला की चौदा चकत्यांच्या तेरा कडा मोजता येतात आणि दिवसभर काठी धरली की त्याच तळहाताला बोचतात. त्या कडेला मराठीत काय म्हणावे याचा मी विचार करत होतो. घरी आईला मूठ हातात दिली, तेव्हा ती लगेच म्हणाली, 'याला दातरे आलेत.' तोच शब्द टिपणात घातला.

घडवण्याच्या क्रियापदात मी आणखी घोळ केला होता. मूठ तासावी, असे मी लिहिले होते. तासणे हे वाकसाचे किंवा पात्याचे काम आहे आणि बुचाला पाते लावले की त्याचा टवका निघतो. लेथवर फिरवून जे करतात ते कातणे. आपल्याकडे लाकूड कातणाऱ्याला कातारी म्हणत आणि 'कातीव खांब' हा शब्द अजून वापरात आहे. पण लेथवरही बुचाला पटाशी लावत नाहीत, फिरत्या मुठीवर पॉलिश पेपर धरतात, म्हणून आता 'फिरवून घासावी' असे लिहिले आहे. ऐंशीपासून सुरू करून एकशेवीस, दोनशेवीस आणि शेवटी चारशे नंबर. बुचातले बारीक खड्डे बुजवायला त्याच बुचाचा भुगा गोंदात कालवून भरतात, त्याला रंगारी लोकांचा 'लांबी' हा शब्द चपखल बसतो.

आकारासाठी मला 'घाट' हा शब्द हवा होता. भांड्याला घाट असतो, दागिन्याला असतो, आणि तो नुसत्या मापाने येत नाही, घडवणाऱ्याच्या हाताने येतो. मुठीचे जे घाट जगभर चालतात, त्यांतला एक दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये भरलेला असतो. इंग्रजीत त्याला सिगारचे नाव आहे. आमच्या मुलांनी सिगार पाहिलेली नाही, विटी मात्र त्यांच्या खिशात असते. म्हणून 'विटीघाट' असे लिहिले आणि दोघांनाही चित्र न काढता कळले. दुसऱ्या एका घाटाला 'वेल्स' म्हणतात. त्याचा विहिरीशी काही संबंध नाही, हेन्री वेल्स या माणसाच्या नावावरून ते पडले आहे. त्यात मधल्या फुगवट्याखेरीज टोकही फुललेले असते, अंगठा त्याला रेटून दूरवर दोरा फेकता यावा म्हणून. एकच टोक फुललेले असेल तर ती अर्धी, दोन्ही असतील तर पूर्ण. इथे विशेषनाम तसेच ठेवावे, असे मला वाटते.

काठी बुडाकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक असते, म्हणून मुठीचे वेजही तसेच उतरते करावे लागते. सरळ वेज पाडले, तर मूठ एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल बसते. रिळाची बैठक मात्र आतून सरळच येते, तिथे काठीवर कागदी चिकटपट्टीचे वेढे देऊन पोकळी भरतात. त्याला आमची मुले 'पाचर' म्हणू लागली होती. पाचर ही दांड्याच्या कामाची, असे उदगीरच्या ताईंच्या नियमाने ठरते, म्हणून मी 'वेढे' एवढेच ठेवले आहे.

उत्तर, हिंगोली

दोन्ही हातांनी धरायच्या लांब काठीला रिळाच्या मागे एक आणि पुढे एक असे दोन भाग असतात. त्या दोन्हींना मूठच म्हणायचे का? आणि पुढच्या भागाच्या तोंडाशी धातूचे जे कडे असते, त्याला काय लिहिता?

विचारणाऱ्याचे उत्तर, पैठण

हो, 'मागची मूठ' आणि 'पुढची मूठ'. तोंडाशी बसते ती 'शेंबी'. म्हाताऱ्या माणसाच्या काठीच्या टोकाला जी असते तीच, इथे फक्त ती जमिनीकडच्या टोकाला नसून मुठीच्या उघड्या कडेवर बसते आणि बुचाची कड उडू देत नाही. टिपणातले वाक्य आता असे आहे: 'कोरी काठी घासू नये, फक्त मूठ बसेल तेवढ्या जागेवरची चमक बारीक कागदाने हलकेच घालवावी. मग शेंड्याकडून बुडाकडे आधी मागची मूठ, त्यानंतर बैठक, त्यानंतर पुढची मूठ आणि शेवटी शेंबी, या क्रमाने ओवावे, आणि प्रत्येक वस्तू चढवण्याआधी ती बसेल तेवढ्या जागी काठीवर इपॉक्सी लावावे.'