खोडरबर कुणाच्या हातात?

ए-२०३: आमच्याकडे रोज रात्री साडेनऊला तोच तमाशा. गृहपाठ २० मिनिटांचा, रडारड दीड तासाची. मुलगी तिसरीत आहे. तुमच्याकडे कसं चालतं?

सी-१०१: मी ओरडतो, तो रडतो, ही आम्हा दोघांवर ओरडते. गृहपाठ होतो पण पूर्ण 😄

बी-४०४ बाई: अगं, साडेनऊला लेकरू पेंगत असतं. आधी वेळ बदल. आणि ती लिहीत असताना खोडरबर कुणाच्या हातात असतं?

ए-२०३: माझ्या 🙈

बी-४०४ बाई: वाटलंच. तिची वेलांटी चुकायचा अवकाश, तू खोडतेस. मग ती लिहायचं सोडून तुझ्या तोंडाकडे बघत बसते. दीड तास तिथे जातो. पान पुरं होऊ दे, मग म्हण, 'यात दोन वेलांट्या चुकल्यात, शोध.' बाकीच्या चुका राहू देत. आईने धुऊन-पुसून दिलेल्या वहीवरून आम्हा शिक्षकांना काय कळणार?

सी-१०१: बाई, गणिताला तरी बसावंच लागतं ना? भागाकाराची धास्ती खरं तर मलाच आहे.

ए-५०२: दादा, २०१५ साली अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांवरचा एक अभ्यास आला होता. गणिताची धास्ती असलेले आईवडील गृहपाठात वरचेवर मदत करत, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि वर धास्तीही वाढली. तशीच धास्ती असलेले पण क्वचित मदत करणारे पालक, त्यांच्या मुलांत हे दिसलं नाही.

सी-१०१: म्हणजे मी उठून गेलेलंच बरं! हिला स्क्रीनशॉट पाठवतो.

ए-५०२: उठू नका हो. त्यालाच विचारा, 'हा हातचा कुठून आला, मला समजाव.' समजावताना कुठे अडतो ते त्यालाच कळतं.

अ‍ॅडमिन: उद्या ११ ते १ टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा. (चालू द्या तुमचं.)

बी-१०२: बाई, वाचनाचं सांगा ना. आमचा दुसरीतला जोडाक्षर आलं की अडखळतो. काल 'वर्गात'ला 'व्रगात' म्हणाला. मी लगेच टोकलं.

बी-४०४ बाई: टोकू नका. मनात पाच आकडे मोजा. 'सगळी मुलं व्रगात बसली' हे त्याच्याच कानाला खटकतं आणि बरेचदा तो आपणहून मागे येतो. नाहीच आला तर शब्द सांगायचा आणि पुढे जायचं. रफाराचा तास तिथे घेतलात की गोष्ट मेली. नंतर कधीतरी 'कर्म' आणि 'क्रम' शेजारी शेजारी लिहून दाखवा. रफार डोक्यावर असला तरी र आधी म्हणायचा, एवढंच.

बी-१०२: आणि पुस्तक रोज तेच काढतो. अख्खं पाठ झालंय!

बी-४०४ बाई: काढू दे. ओळखीच्या मजकुरावर जीभ वळते. जाड पुस्तकं तुम्ही वाचून दाखवा. मूल वाचायला लागलं की लोक वाचून दाखवणं बंद करतात. कसली घाई असते कोण जाणे.

ए-२०३: बाई, रिपोर्ट देते. आज सातला बसलो. रबर तिच्याच कंपासमध्ये, मी शेजारी माझं पुस्तक घेऊन. दोन वेलांट्या शोध म्हटलं, तर तिने तीन शोधल्या. तिसरी बरोबर होती, तीही खोडली.

सी-१०१: 😂😂

ए-२०३: हसू नका. मी गप्प बसले, त्याचं कौतुक करा.