तिसऱ्या हार्मोनिकसाठी दोन स्फटिक का?

प्रश्नकर्ता: निओडिमियम-याग लेसरच्या १०६४ नॅनोमीटर प्रकाशापासून ३५५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, म्हणजे तिसरी हार्मोनिक (मूळच्या तिप्पट वारंवारितेचा प्रकाश), मिळवताना वारंवारिता एका स्फटिकात थेट तिप्पट न करता दोन स्फटिक एकामागोमाग ठेवतात. हा वळसा कशासाठी?

उत्तर १: थेट तिप्पट करणारा तृतीय क्रमाचा अरेखीय प्रतिसाद (प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राच्या घनाच्या प्रमाणात वाढणारा) अतिशय क्षीण असतो आणि त्याची भरपाई करण्याइतकी तीव्रता वाढवली, तर स्फटिकच खराब होण्याची भीती असते. त्याउलट, व्युत्क्रम सममिती नसलेल्या (म्हणजे केंद्रातून उलटवल्यास रचना तशीच न राहणाऱ्या) स्फटिकात द्वितीय क्रमाचा, म्हणजे क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणातला, प्रतिसाद बराच प्रबळ असल्याने, पहिल्यात ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश तयार करून दुसऱ्यात तो उरलेल्या १०६४ शी मिसळणे, म्हणजे वारंवारितांची बेरीज करणे, सोयीचे ठरते.

उत्तर २: यात एक मेख आहे. तीन अवरक्त (१०६४ नॅनोमीटरच्या) फोटॉनांपैकी दोन मिळून एक हिरवा होतो आणि तिसरा त्याच्या जोडीला लागतो, म्हणून पहिल्या स्फटिकात सुमारे दोन-तृतीयांश अवरक्त प्रकाश हिरवा झाला, की थांबणे इष्ट. हिरवा ठिपका जास्तीत जास्त झगझगीत होईपर्यंत स्फटिकाचा कोन जुळवत बसलो, की अतिनील हातचा जातो. मीही सुरुवातीला तेच केले होते.

प्रश्नकर्ता: मग वायूंमध्ये कितीतरी वरच्या हार्मोनिक थेट कशा मिळतात?

उत्तर १: तिथली यंत्रणाच निराळी आहे. तीव्र लेसरक्षेत्रात इलेक्ट्रॉन अणूतून सुटतो, क्षेत्राची दिशा उलटताच परत येऊन आदळतो आणि कमावलेली ऊर्जा एका फोटॉनच्या रूपाने टाकतो. हे दर अर्ध्या आवर्तनाला, प्रत्येक वेळी उलट्या दिशेने, घडत असल्यामुळे फक्त विषम हार्मोनिक (मूळ वारंवारितेच्या ३, ५, ७… पट) दिसतात.