अनुभव: हे आपलं आपणच करायचं असतं (तुमचेही लिहा)

पोटमाळा
गणपतीसाठी पोटमाळा आवरत होते. समया काढताना खाली आजीच्या जपाच्या वह्या सापडल्या, जुन्या कॅलेंडरचं कव्हर उलटं करून घातलेलं. आत निळ्या शाईत श्रीराम जय राम जय जय राम, ओळीमागून ओळ. एका वहीत मधेच पाच पानं वेगळ्या अक्षरातली, ते अक्षर माझं! चौथीत होते, आजीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून मी गुपचूप लिहून ठेवलं होतं, म्हणजे खरं तर मला नवीन कंपासपेटी हवी होती आणि आजी खूश झाली की मिळाली असती. तिने पानं बघितली आणि डाव्या हाताने प्रत्येक पानावर एक वाकडीतिकडी रेघ मारली. म्हणाली, "अक्षर छान आहे गं बाळा, पण हे तुझ्या खात्यावर. तू जेवलीस तर माझं पोट भरेल का?" मी जाम रडले. प्लास्टर निघाल्यावर तिने तेवढी पाच पानं परत लिहिली. कंपासपेटी मिळाली, हेही सांगायला हवं.

मागच्या श्रावणात मी ऑनलाइन लघुरुद्र (शंकरासाठी रुद्रपाठ) बुक केला होता. लिंक चालू, गुरुजी म्हणतायत, आणि मी ऑफिसच्या कॉलवर. आता त्या रेघा बघून कसंतरीच झालं. असं तुमचं काही?

खडीसाखर
म्हणजे रुद्राची १२१ आवर्तनं आणि तू म्यूटवर, हाहाहा. गोंदवलेकर महाराजांचं का गं घरात? आमच्याकडेही हाच जप, तेरा अक्षरी. आमची आई मात्र सिरीयल बघता बघता लिहायची, ब्रेकमध्ये स्पीड वाढायचा.

दादरकर_जुना
इगतपुरी, १० दिवस, विपश्यना, म्हणजे मौन पाळून ध्यानाचं शिबिर. चौथ्या दिवसापासून तासभर न हलता बसायचं असतं आणि माझ्या शेजारचा माणूस ढेकर द्यायचा, मोठ्ठा. मौन, त्यामुळे बोलायची सोय नाही. मी मनात त्याच्याशी इतका भांडलो की त्याच्या खानदानापर्यंत गेलो. सातव्या दिवशी तो जागा बदलून पुढे गेला, ढेकर ऐकू येईना, आणि मी तरी चिडलेलाच, मग पंख्याच्या आवाजावर. तेव्हा ट्यूब पेटली की माल माझाच आहे, हा बिचारा निमित्त. घरी येऊन बायकोला हे सगळं रंगवून सांगितलं तर म्हणे बरं झालं, गीझर चालू राहिला तर आता माझ्यावर ओरडू नकोस. ओरडलो. तिसऱ्याच दिवशी.

मीरा_ठाणे
दादरकर, फी किती असते? आणि रात्री जेवण नसतं म्हणे? मला अ‍ॅसिडिटी आहे.

दादरकर_जुना
फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं. पहाटे ४ ला घंटा. जेवण सकाळी ११ ला, मग संध्याकाळी चहा, मुरमुरे, फळ. फॉर्ममध्ये तब्येतीचं सगळं खरं लिहा.

एक_दिवस
इथे टोपणनाव आहे म्हणून लिहितो. ११ वर्षं झाली, दारू नाही. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट, त्यात बारा पायऱ्या असतात, चौथीत स्वतःचा हिशोब लिहून काढायचा. माझ्या स्पॉन्सरने, म्हणजे गटातल्या मला सांभाळणाऱ्या जुन्या सदस्याने, माझी वही वाचली आणि म्हणाला ही तर तुझ्या वडिलांची वही आहे, तुझी कुठेय. मी सगळं वडील मारायचे म्हणून असंच लिहिलेलं. मारायचे, खोटं नाही. पण २००४ ला धाकट्या भावाची सायकल विकली ती मी, तो दहावीला होता, वर्षभर चालत क्लासला गेला. नवव्या पायरीला, म्हणजे ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची तेव्हा, त्याच्याकडे पैसे घेऊन गेलो. तो म्हणाला ठेव खिशात, चहा घे. तो चहा घशाखाली उतरेना.

खडीसाखर
दादा, काय बोलू. ११ वर्षं म्हणजे खूप झालं. भाऊ येतो का आता?

एक_दिवस
भाऊबीजेला बहिणीकडे भेटतो. बोलतो थोडं.

ओली_माती
सगळ्यांचं वाचलं, पटलंही, पण मला या 'जबाबदारी आपली' प्रकरणाची दुसरी बाजूही लिहायचीय. लेकाला आठव्या महिन्यात फिट्स सुरू झाल्या तेव्हा आमच्या सत्संगातल्या एक काकू म्हणाल्या, तुझी सेवा कुठेतरी कमी पडतेय. मी गुरुचरित्राची सप्ताह पारायणं लावली, तिसरं तर अंगात ताप असताना केलं. पुढे न्यूरॉलॉजिस्ट बदलले, गोळी बदलली, हळूहळू फिट्स थांबल्या. आता रात्री ९ ला अलार्म वाजतो, गोळी द्यायची, ते माझं काम, ते मी कधी चुकवत नाही. पोथी अजून वाचते, आवडते म्हणून. पण पोराच्या आजाराचं बिल माझ्या नावावर फाडायचं नाही, कोणीच.

पोटमाळा
ओली_माती, तुला घट्ट मिठी. आजी असती तर त्या काकूंवर पण रेघ मारली असती, उजव्या हाताने.

कोकणचा_बंड्या
सासरे पायी नर्मदा परिक्रमा करून आले. ओंकारेश्वरहून निघायचं, नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, मिळेल ते खायचं. आम्हाला वाटलं आता प्रवचन देतील. एक शब्द नाही. फक्त आल्या दिवसापासून स्वतःचं ताट स्वतः घासतात. सासूबाई म्हणाल्या, चाळीस वर्षं मी सांगत होते, तेव्हा नाही ऐकलं, नर्मदामाईचं बरं ऐकलं. मी अजून बायकोला ताट देतो, हे तिने वाचू नये म्हणजे झालं.

मीरा_ठाणे
तिला लिंक पाठवली आहे बंड्या.

खडीसाखर
ए पोटमाळा, समया कशाने घासतेस? पितांबरी की चिंच?

पोटमाळा
चिंच आणि मीठ. जाते आता, निम्माच झालाय माळा. नवरा खालून विचारतोय बाई लावूया का आवरायला.