मुरुड की गणपतीपुळे? लहान मुलं सोबत आहेत

रेवाची_आई:
नोव्हेंबरात पुण्याहून कोकणात जायचं ठरतंय. मुलगी चार वर्षांची, मुलगा आठचा, सोबत सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. मुलांना पाण्यात खेळता यावं आणि आमचा जीव टांगणीला लागू नये, एवढंच हवंय. गणपतीपुळे की दापोलीजवळचं मुरुड?

दापोलीकर:
ताई, मुरुडला या. गणपतीपुळ्याला दर्शन जरूर घ्या, पण तिथे पोरांना पाण्यात उतरवू नका. किनारा उताराचा, पाणी पटकन खोल होतं. तिथे बुडून माणसं गेली आहेत. मुरुड-कर्द्याची पुळण सपाट. ओहोटीला पाणी लांब जातं आणि मागे घट्ट ओली वाळू राहते. तिच्यात पाय रुतत नाहीत, सासूबाईही आरामात चालतील.

वेळ मात्र तिथी बघून ठरवा. आमच्याकडचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ. अष्टमीला सकाळी-संध्याकाळी सहा, म्हणजे दुपारभर पाणी चढतं. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, मग संध्याकाळपर्यंत ओहोटी. ओहोटीचं पाणी आत ओढतं आणि या दिवसांतल्या उधाणाला, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीला, जोर जास्त, तेव्हा वाळूतच किल्ले करू द्या. एरवीही धाकटीला घोट्यापुढे, थोरल्याला गुडघ्यापुढे सोडू नका. तुम्ही स्वतः समुद्राच्या बाजूला उभ्या राहा.

आणि हात जोडून सांगतो, गाडी पुळणीवर उतरवू नका. घट्ट वाळू बघून लोक सुसाट फिरवतात. वाळूत बसलेलं पोर उंच गाडीतून दिसत नाही हो! फार संताप येतो.

सुरूचं_बन:
सासूबाईंना आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला न्या, गाडी वरपर्यंत जाते. आसूदच्या केशवराजाला मात्र पायऱ्या खूप आहेत. मासे खात असाल तर संध्याकाळी हर्णै बंदरातला लिलाव मुलांना दाखवाच. खानावळीत जेवायची वर्दी सकाळीच द्या, आयत्या वेळी मिळेलच असं नाही.

रेवाची_आई:
मुरुडच नक्की. कालनिर्णय बघितलं, एकादशीला पोचतोय.

दापोलीकर:
छान. एकादशीला भरती सकाळी सव्वाआठला, ओहोटी दोनच्या सुमारास संपते. चारला पुळणीवर या, पाणी चढतं असेल आणि ऊनही उतरलेलं. अंधार पडायच्या आत पोरांना बाहेर काढा.