पक्ष न सोडता पलीकडच्यांशी जमवून घेणे: याला मराठी शब्द?

एका अमेरिकी लेखाचं भाषांतर करतोय. रिपब्लिकन जॉन मॅकेन आणि डेमोक्रॅट रस फाइनगोल्ड या दोन सिनेटरांनी निवडणूक देणग्यांना आळा घालणारा कायदा २००२ साली मिळून पार पाडला. त्याला लेखात 'रीच अक्रॉस द आइल' म्हटलंय. तिथल्या सभागृहात मधल्या वाटेच्या एका अंगाला हा पक्ष, दुसऱ्या अंगाला तो. ती वाट ओलांडून हात पुढे करायचा. मी 'हातमिळवणी' लिहिलं, तर संपादकबाई म्हणाल्या, "अहो, हे दोघे कुणाला गंडवायला निघालेत का?" 'द्विपक्षीय' लिहिलं तर भारत-जपान चर्चेची बातमी वाटते. काय लिहू?

— बाईंचं बरोबर आहे. अशा सगळ्याच शब्दांना वास येतो. 'साटंलोटं' घ्या. मुळात साधी सोयरिकीची रीत: तुमची मुलगी आमच्या घरात, आमची तुमच्या. आज बातमीत हा शब्द दिसला की कुठलं तरी टेंडर निघालंय असं समजायचं. युती-आघाडीच्या बातम्या चाळा: सोयरीक, घरोबा, संसार, काडीमोड. दोन पक्षांत नवरा-बायकोशिवाय दुसरं नातंच नाही जणू! मॅकेन-फाइनगोल्ड एका कायद्यापुरते एकत्र आले होते, त्यांना बोहल्यावर कशाला चढवता?

— 'बेरजेचं राजकारण'? यशवंतराव चव्हाणांमुळे रुळलेला शब्द आहे, वासही नाही.

— नाही चालणार. त्या बेरजेत समोरचा आपल्यात मिळवला जातो. शेकापची किती मंडळी अशी काँग्रेसमध्ये आली! ज्यांच्या पाटीवरून आकडा गेला, त्यांना ती वजाबाकीच. इथे दोघेही आपापल्या पक्षातच राहिले.

— 'सर्वपक्षीय' आहे की. पण त्याला मागे 'बैठक' किंवा 'शिष्टमंडळ' लागतं, एकट्यानं चालवत नाही.

— आमच्याकडे 'राजकारणाचे जोडे बाहेर ठेवून' म्हणतात. सप्ताहाची बैठक देवळात असते. सोसायटीच्या निवडणुकीत एकमेकांचे फलक फाडलेले दोन्ही पॅनेलवाले एकाच सतरंजीवर बसून, तांदूळ कुणी द्यायचे, आचारी कुठला, हे ठरवतात. यात खुबी अशी की जोडे टाकून द्यायचे नसतात. निघताना आपापलेच घालायचे. (एकदा एक जण घाईत दुसऱ्याच्या कोल्हापुरी घालून गेला. पुढे त्यानं खरंच पॅनेल बदललं. तेव्हापासून गावात पक्षांतराला 'चप्पल बदलणे' म्हणतात.)

२००१च्या भूज भूकंपानंतर वाजपेयींनी आपत्ती व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय समितीचं उपाध्यक्षपद विरोधातल्या शरद पवारांना दिलं. लातूरच्या १९९३च्या भूकंपाचा अनुभव होता, तो कामी आला. त्याआधी १९९४ मध्ये नरसिंह रावांनी जिनिव्हाच्या मानवी हक्क आयोगापुढे भारताचं शिष्टमंडळ पाठवलं, त्याचे प्रमुख होते विरोधी पक्षनेते वाजपेयी. दोन्ही वेळा परतताना जोडे ज्याचे त्याच्या पायात.

— वा! पण 'मॅकेन यांनी पक्षाचे जोडे बाहेर ठेवून' लिहिलं तर सिनेटमध्ये अनवाणी बसतात असं वाटेल.

— मग सभागृहातलाच शब्द घ्या, बाकं. 'विरोधी बाकांवरच्या फाइनगोल्डना सोबत घेऊन मॅकेन यांनी...'

— 'विरोधी' नको. तेव्हा सिनेटमध्ये बहुमत डेमोक्रॅटांचं आणि राष्ट्राध्यक्ष बुश रिपब्लिकन. कोण कुणाचा विरोधी? 'समोरच्या बाकांवरच्या' म्हणा.

— तसंच लिहून पाठवलं. बाईंचं उत्तर आलं: "सोबत घेऊन म्हणजे पुढे कोण होतं?" शेवटी 'समोरासमोरच्या बाकांवरच्या मॅकेन आणि फाइनगोल्ड यांनी मिळून' असं केलंय. अजून फोन आलेला नाही.