खान्देशातलं माशांचं आवडतं ठिकाण: तुमचा अनुभव सांगा

खान्देशी जेवणाच्या गप्पा शेवभाजी, भरीत आणि कळण्याच्या भाकरीवर येऊन थांबतात. माशांचा विषय निघाला की सगळे कोकणाकडे बोट दाखवतात. आपल्याकडे समुद्र नाही, पण तापी आहे, गिरणा, वाघूर, पांझरा आहेत, धरणं आहेत, आणि सुरतेहून भुसावळपर्यंत येणारी रेल्वे आहे. म्हणून हा धागा. पत्ता लिहिलाच पाहिजे असं नाही. काय खाल्लं, कोणी रांधलं आणि पुन्हा तिथेच का जावंसं वाटतं, ते मात्र सविस्तर लिहा.

सुरुवात मी करतो. मी जळगावचा. माझं ठिकाण तापीच्या पुलाजवळ, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. मेनूकार्ड नाही. गेल्यावर नानांना विचारायचं. ते सांगतात, "वाम नही शे आज, भो. कटला शे, सकायनाच शे." कांदा निखाऱ्यावर भाजलेला, सुकं खोबरं काळपट होईपर्यंत परतलेलं, वर काळा मसाला आणि शेंगदाण्याचं तेल. नारळाचं दूध नाही, कोकम नाही. रस्सा पातळ, तर्री लालभडक, सोबत ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा. कटल्याचं डोकं रश्शात घालतात आणि ते कोणाच्या ताटात जाणार यावर आमच्या घरात दर वेळी भांडण होतं. पण मी तिथे जातो ते नानांच्या "नही शे"साठी. मासा ताजा नसला तर ते गिऱ्हाईक परत पाठवतात, अंडाकरीसुद्धा पुढे करत नाहीत.

*भुसावळ, रेल्वेतून निवृत्त*

आमच्या गावात देशभरचे रेल्वेवाले राहिले, त्यामुळे मासे खाणारी तोंडं इथे पहिल्यापासून भरपूर. मला मासा ओळखायला एका बंगाली सहकाऱ्यानं शिकवलं. कल्ला उघडून बघायचा, लाल असला पाहिजे. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. बोटानं दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा. आमच्या आवडत्या खानावळीत मालक स्वतःहून कल्ला उघडून दाखवतो, तेव्हाच मी टेबलावर बसतो.

हतनूर धरण जवळच आहे. पावसाळ्यात त्याच्या 41 दरवाज्यांतले बरेचसे उघडले की नदी गढूळ होऊन फुगते आणि होड्या काठाला लागतात. त्या दिवसांत हा माणूस नदीचा मासा विकतच नाही. शेजारचा एक मात्र बाराही महिने 'तापीचा ताजा रोहू' अशी पाटी लावून बसलेला असतो. पूर आलेला असताना तो ताजा कुठून येतो, हे कोणीतरी त्याला विचारायला हवं.

*नवापूर, शिक्षिका*

आमचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, आणि ताटही तसंच. उकाई धरण गुजरातेत, पण त्याचा फुगवटा आमच्या तालुक्यापर्यंत येतो. 1972 साली ते पूर्ण झालं. पाण्याखाली जमिनी गेलेल्या घरांतले काही जण पुढे मासेमारीकडे वळले. मी जिथे जेवते ते ठिकाण अशाच एका कुटुंबाचं आहे. पहाटे दादा जाळं काढून आणतात आणि वहिनी चुलीवर रांधतात. आमच्याकडे पाऊस जास्त आणि भातशेती आहे, म्हणून सोबत तांदळाची भाकरी. छोट्या झिंग्यांचं सुकं म्हणजे लसूण, नंदुरबारची लाल मिरची, मीठ, हळद आणि वरून थोडी कोथिंबीर, बस्स. दुसरा कुठलाच मसाला नाही. वहिनी म्हणतात, झिंग्यात मसाला जास्त पडला की झिंगा कळत नाही. मला ते पूर्ण पटतं.

एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्याकडे माशांची बरीच हॉटेलं परमिट रूमला चिकटलेली असतात. बाईला एकटीनं जाऊन निवांत जेवता येईल अशी फार थोडी. वहिनींच्या ओसरीवर मी शाळा सुटल्यावर एकटी जाते, कोणी वळून बघत नाही. माझ्यासाठी चवीइतकंच हेही मोठं आहे.

*धुळे*

ताईंचं शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे फॅमिली रूम म्हणून पडदा लावतात, पडद्यापलीकडे तोच गोंगाट.

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे बर्फाच्या पेट्या दोन्हीकडून येतात. पापलेट, सुरमई, बोंबील सगळं मिळतं. पण राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या काळात 'आजचं ताजं पापलेट' असं कोणी म्हणालं तर ते बहुधा बर्फातलं जुनंच. आमचा खानावळवाला त्या दोन महिन्यांत पापलेट फळ्यावरून पुसून टाकतो आणि सुके बोंबील करतो. तव्यावर भाजून, कांदा आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्यात परतून. बाहेर पाऊस आणि ताटात गरम बाजरीची भाकरी. मी तर जूनची वाट बघतो.

*चाळीसगाव, सध्या पुण्यात*

माझा अनुभव थोडा वेगळा. वडिलांचं ऑपरेशन झालं होतं, जेवण जात नव्हतं. आमच्या नेहमीच्या हॉटेलातल्या आबांना कळलं तेव्हा त्यांनी मरळ बाजूला काढून ठेवली. मरळ वर येऊन हवेतून श्वास घेते, म्हणून थोड्या पाण्यात टबात जिवंत राहते. काटे कमी, मांस घट्ट, आजारी माणसाला आणि बाळंतिणीला आपल्याकडे आवर्जून देतात. आबांनी तिखट न घालता, फक्त जिरं-लसूण-हळदीचा रस्सा करून डबा भरला. आठवडाभर डबा येत राहिला. पैसे विचारले तर म्हणाले, "बाप जेवना ना? मंग झालं." वडील आता बरे आहेत आणि त्या टेबलावर पाण्याचा ग्लासही पहिल्यांदा त्यांच्यापुढे ठेवला जातो. पुण्यात मी खूप ठिकाणी मासे खाल्ले, पण सुट्टीला आलो की पहिलं जेवण तिथेच.

*शिरपूर*

एक सूचना. मरळ म्हणून दुसरंच काही वाढणारे आहेत. हायवेवरच्या एका ठिकाणी मला मऊ, पांढरा, बिनवासाचा तुकडा मरळ म्हणून दिला होता. मरळीचं मांस असं भुसभुशीत नसतं. आणि विदेशी मांगूर पाळायला देशात बंदी आहे, तरी तो चोरून विकला जातो. अख्खा मासा बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

*पारोळा*

घरी केलेल्या रोहूला चिखलाचा वास येतो, हॉटेलातल्याला येत नाही. असं का?

*जळगाव*

पारोळ्याच्या ताई, साठलेल्या पाण्यातल्या, तळ्यातल्या माशाला तो वास जास्त येतो, वाहत्या नदीच्या माशाला कमी. नाना तुकडे मीठ, हळद आणि लिंबू चोळून अर्धा तास ठेवतात, मग दोनदा धुतात. पोटातली काळी पातळ साल नखानं खरवडून काढायची, ती राहिली की कडवटपणा उतरतो. आणि नानांकडे यायचं असेल तर दुपारी एकच्या आत या, नंतर डोकं शिल्लक राहत नाही.