नाताळच्या भेटी हाताने करायच्या आहेत, घरात दोन लहान मुलं. काय निभेल?

दोनपिल्लं (वसई)
मोठी साडेचार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. चौदा घरी भेटी द्यायच्या आहेत: दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका, आत्या, मावश्या. त्यातल्या एका घरी पाच महिन्यांचं बाळ आहे. हातात सहा आठवडे. रोज मुलं झोपल्यावर तासभर मिळतो, शिवाय रविवारची दुपार. ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) आहे, शिलाई मशीन नाही. घरामागे शंभर-सव्वाशे रुपये खर्च चालेल. मुलांचा हात लागलेला दिसावा, पण वस्तू टिकावी, अशी इच्छा आहे. मिठाच्या पिठाचे तारे १८० अंशावर अर्धा तास भाजले. ते फुगले आणि आठवड्याभरात ओलसर झाले. कुठे चुकलं?

मातीकाम
तापमान चुकलं. २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ आणि पाऊण ते एक वाटी पाणी हे प्रमाण बरोबर आहे, पण ते भाजायचं नसतं, वाळवायचं असतं. १८० वर वरची कातडी आधी कडक होते, आतल्या पाण्याची वाफ अडकते आणि तारा फुगतो. जाडी ५ मिलिमीटर ठेवा. १०० ते १२० अंशांवर अडीच-तीन तास ठेवा, दर तासाला उलटा. वाळला की नाही हे रंगावरून कळत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक तारा ठेवा, अर्ध्या तासाने पुन्हा ठेवा. वजन उतरायचं थांबलं की झालं.

ओलसरपणाचं कारण मीठ. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि वसईची हवा खारी, दमट. पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक वार्निशचे दोन हात पुढे, मागे, कडांना आणि दोरा ओवायच्या भोकाच्या आतही द्यायला हवेत. बहुतेक जण भोक विसरतात आणि ओल तिथूनच शिरते. आतून ओल्या ताऱ्यावर मात्र वार्निश लावू नका. ते पांढरं पडून सुटतं.

किनारपट्टीवर मी मिठाचं पीठ सुचवणारच नाही. सोड्याचं करा: २ वाट्या खायचा सोडा, १ वाटी कॉर्नफ्लोअर, सव्वा वाटी पाणी. सगळं थंड असतानाच गुठळ्या मोडून एकजीव करा, मग मंद आचेवर सतत ढवळा. उकडलेला बटाटा कुस्करल्यासारखा गोळा झाला की लगेच उतरवा. एखादं मिनिट जास्त झालं तरी पुढे चिरा पडतात. ओल्या फडक्याखाली गार करा, नाहीतर वर खपली धरते. दीडशे मिलिलिटरच्या वाटीने मोजलंत तर सात सेंटिमीटरच्या पंधराएक चकत्या होतात, म्हणजे चौदा घरांना पुरून एखादी मोडली तरी चालेल. भोक शीतपेयाच्या नळीने ओलं असतानाच पाडा. हे ओव्हनमध्ये घालू नका, सोडा तापला की वायू सोडतो. पंख्याखाली जाळीवर दोन दिवस, सहा-सहा तासांनी उलटत ठेवा; एकाच बाजूने वाळलं तर कडा वर वळतात. रंग पांढराशुभ्र येतो, त्यामुळे मोठीच्या बोटांचे ठसे त्यावर छान उठून दिसतील.

आणि एक गोष्ट पक्की धरा: दोन्ही पिठं धाकट्याच्या तोंडात जाता कामा नयेत. एकात मीठ, दुसऱ्यात सोडा, आणि दीड वर्षाच्या मुलाला दोन्ही घातक. त्याला पोळीच्या कणकेचा गोळा द्या.

सुईदोरा
धाकट्यासाठी कापडावर पावलाचा ठसा. हाताचा नको, रंग लागला की या वयाची मुलं मूठ मिटतात. पांढऱ्या सुती कापडाचे ४५ × ४५ सेंटिमीटरचे रुमाल शिवलेल्या कडांसह मिळतात, त्यामुळे मशीन लागत नाही. आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढा. खळ राहिली तर रंग तिच्यावर बसतो आणि पहिल्याच धुण्यात निघून जातो.

कापडी रंग स्पंजने पातळ लावा. ब्रशने थर जाड होतो आणि बोटांमधल्या फटी भरून जातात. कापड पुठ्ठ्यावर चिमट्यांनी ताणून बसवा. मूल मांडीवर घ्या आणि पुठ्ठा पावलाकडे न्या. पाऊल कापडावर टेकवायला गेलात की ते घसरतंच. टाचेकडून बोटांकडे एकदा दाबा, उचला. दुसऱ्यांदा दाबू नका. एका बैठकीत चारच ठसे घ्या, पाचव्याला रडारड ठरलेली. असं चार-पाच बैठकींत उरकेल. चोवीस तास वाळू द्या, मग उलट्या बाजूने, वाफ बंद करून, चार-पाच मिनिटं इस्त्री फिरवा. तीन दिवस धुऊ नका.

बाळाच्या घरच्या रुमालाला मणी, बटण, टिकल्या काहीही नको. तोंडात जातं. नाव आणि साल साखळीटाक्याने भरा, तेवढं पुरे.

चुलीजवळ
खाऊशिवाय नाताळची भेट पुरी होत नाही, तेव्हा कलकल, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या छोट्या गोड गुंडाळ्या. अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम पिठीसाखर, ३ मोठे चमचे कडकडीत तूप, चिमूट मीठ आणि मळायला साधारण दोनशे मिलिलिटर नारळाचं दूध. अंड्याशिवाय उत्तम होतात. पीठ पुरीपेक्षा घट्ट, ओल्या कपड्याखाली अर्धा तास. हरभऱ्याएवढी गोळी नव्या कंगव्यावर दाबून पसरायची आणि गुंडाळायची. दाबायचं काम मोठीला द्या, तिच्या बोटांना ते छान जमेल. गुंडाळी मिटवणं मात्र तुमच्याकडे ठेवा, कारण कड चिकटली नाही तर तेलात उलगडतात. कच्चं पीठ चाखू देऊ नका, अंडं नसलं तरी.

तळणं मुलं झोपल्यावरच. आच मध्यम. गोळी टाकल्यावर खाली जाऊन हळूहळू वर आली तर तेल बरोबर. लगेच वर उसळली तर बाहेरून लाल, आतून कच्ची. तळाशीच बसून राहिली तर तेल पिते. तेलात विरघळून भुसा होत असेल तर साखर किंवा मोहन जास्त झालंय. त्या पिठात दोन मुठी मैदा मळा.

वरून साखर हवी तर २०० ग्रॅम साखरेत पाव वाटी पाणी, पाक दोनतारी. एकतारीवर उतरवला की डब्यात चिकटतात. अर्धा किलो मैद्याचे पाऊण किलोच्या आसपास होतात. घरामागे दीडशे ग्रॅम धरलं तर दीड किलो मैदा लागेल. पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरा. कोमट भरले की झाकणाला पाणी सुटतं आणि चार दिवसांत मऊ पडतात.

दोनपिल्लं (वसई)
पेरूचं चीजही (म्हणजे पेरूचा गर साखरेत आटवून केलेल्या वड्या) करावं म्हणते. कलकल आणि ते, दोन्ही निभेल का?

चुलीजवळ
निभेल, पण एकाच आठवड्यात नको. १ किलो पिकलेले पण घट्ट पेरू उकडून चाळणीतून गाळा, गराच्या वजनाच्या तीन-चतुर्थांश साखर, दोन लिंबांचा रस, शेवटी चमचाभर लोणी. पाऊण तास ढवळत राहावं लागतं आणि ते उडतं. लांब दांड्याचा उलथना आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या, आणि त्या वेळी दुसरं मोठं माणूस मुलांपाशी हवंच. थेंब थाळीवर गार करून गोळी वळली आणि बोटाला चिकटली नाही की तूप लावलेल्या ताटात ओता. रात्रभर ठेवून मग वड्या. थोडं आधी उतरवलं तर वड्या पडत नाहीत, पण टाकू नका. परत कढईत घालून आटवता येतं.

मातीकाम
क्रम असा लावा: पहिले दोन आठवडे रुमाल, कारण धाकट्याचा मूड हातात नाही. मग चकत्या आणि वार्निश. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी, दुसऱ्या रविवारी पेरू. कलकल १८ ते २० डिसेंबरच्या दरम्यान, त्याआधी नाही. वेळ कमी पडला तर चकत्या गाळा. ठसा घेतलेला रुमाल गाळू नका, पुढच्या वर्षी पाऊल एवढं राहणार नाही.